सगळ्या गाण्यांना चालणारा पिकअप: बीचम, सेथ लव्हर आणि आमच्या मामाचा बेंजो

कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल, किंवा डेटा वाचवायला हा भाग ब्लॉगवर वाचत असाल, दोघांचंही स्वागत.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. आपला एक श्रोता रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याचं म्हणणं असं, "दादा, माझ्याकडे एकच इलेक्ट्रिक गिटार आहे. गुरुवारी भजनाला वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर लावणीपासून कोळीगीतापर्यंत काहीही वाजवावं लागतं, आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर रॉक. दुसरी गिटार घ्यायला पैसे नाहीत. पिकअप तेवढे बदलू शकतो. सगळ्याला चालेल असा कुठला घेऊ?"

एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मी मोकळा झालो असतो. पण हा प्रश्न मलाही पडला होता, रांजणगावातच पडला होता, आणि तेव्हा मी त्याचं उत्तर चुकवलं होतं. नंतर कळलं की हा प्रश्न नव्वद वर्षांहून जुना आहे. म्हणून आज इतिहास, आणि शेवटी उत्तर.

माझी चूक

रांजणगाव म्हणजे अष्टविनायकांपैकी महागणपतीचं गाव. पुणे-नगर रस्त्यावर एका बाजूला देऊळ आणि जवळच एमआयडीसी. माझं आजोळ तिथलं. माझे मामा बेंजो वाजवतात. आता इंटरनेटवर 'बँजो' शोधलात तर अमेरिकेतलं गोल, कातडं ताणलेलं वाद्य दिसेल. ते नाही. आपला बेंजो म्हणजे लांबट पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, आणि वायर लावून भोंग्यातून निघणारा तो आवाज, जो गल्लीच्या टोकाला ऐकू आला की मिरवणूक जवळ आली हे कळतं.

नोकरी लागल्यावर मी पहिल्या काही पगारांतून गिटारचे पिकअप बदलले. दुकानदाराने विचारलं, "काय वाजवता?" मी म्हटलं, "सगळं." तो म्हणाला, "मग सगळ्यात पॉवरवाले घ्या. पॉवर असली की सगळं वाजतं." मी घेतले. हाय आउटपुट, सिरॅमिक चुंबकाचे दोन हमबकर. घरी डिस्टॉर्शन लावून वाजवले तेव्हा खूश झालो.

मग भाद्रपद आला. मंडळाच्या स्टेजवर मामांची पार्टी आणि साथीला मी. ॲम्प नव्हताच, गिटार प्रोसेसरमधून सरळ मिक्सरला. पहिली आरती कशीबशी गेली. मग एका ताईंनी भावगीत धरलं. मी हलके कॉर्ड वाजवायला लागलो आणि स्पीकरमधून नुसता गाळ बाहेर पडला. सहा तारांचा एक गोळा. व्हॉल्यूम वाढवला तर फाटत होता, कमी केला तर घोंगडं पांघरल्यासारखा. ताई दोनदा माझ्याकडे वळून बघत होत्या. तिसऱ्या कडव्याला मी हात थांबवला आणि नुसता उभा राहिलो. शेजारी मामांचा बेंजो मात्र स्वच्छ. प्रत्येक सूर वेगळा.

खाली उतरल्यावर मामा एवढंच म्हणाले, "आवाज लय मोठा हाय रं तुझा. पण बोल कळंना."

बोल. हा शब्द मला त्या दिवसापासून चिकटला. पुढचा सगळा इतिहास मी त्याच शब्दाच्या मागे लागून वाचला.

वॉशिंग मशीनची मोटर

आधी पिकअप म्हणजे काय ते दोन मिनिटांत. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर लोखंडाची, म्हणजे स्टीलची तार. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की कॉइलमध्ये वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, दहावीच्या पुस्तकातलं. म्हणूनच नायलॉनच्या तारेवर असला पिकअप मुका असतो. तार चुंबकाला कळलीच पाहिजे.

फॅरेडेनंतर गिटारपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. १९२०-३० च्या काळात अमेरिकेत हवाइयन गिटारची लाट होती. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर लोखंडी कांडी फिरवायची. सूर गोड, पण आवाज बारीक. ब्रास बँडपुढे ऐकूच यायची नाही. लॉस एंजेलिसमधले जॉर्ज बीचम हे स्वतः असली गिटार वाजवायचे, म्हणजे अडचण त्यांच्या पोटापाण्याची होती. त्यांनी १९३१ साली घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक, मधे कॉइल, आणि चुंबकांच्या पोटातून जाणाऱ्या तारा अशी रचना केली. त्यांची पहिली कॉइल वॉशिंग मशीनच्या मोटरवर गुंडाळली होती असं सांगतात. कोणी म्हणतं शिलाई मशीनच्या मोटरवर. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासोबत त्यांनी ती गिटार १९३२ पासून विकायला काढली. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणाले. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या एमआयडीसीत फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन असल्या वस्तूंचे मोठे कारखाने आहेत. त्याच जातीच्या यंत्राच्या मोटरवर कधीतरी इलेक्ट्रिक गिटारचा जन्म झाला, हे शिफ्टला जाताना आठवून बघा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हा पहिला पिकअप सगळ्या गाण्यांसाठी नव्हता. एकाच कामासाठी होता: एक सुरावट, बँडच्या वर ऐकू यावी. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० काढली आणि चार्ली ख्रिश्चन यांनी तीच गिटार बेनी गुडमनच्या जॅझ मंडळीत सॅक्सोफोनच्या बरोबरीला आणली. तिथंही काम तेच, सुरावट ऐकू येणं. पुढचा प्रत्येक पिकअप असाच कुणाच्या तरी अडचणीतून आला. सगळ्यांच्या सगळ्या अडचणी सोडवायला कुठलाच आला नाही.

घुंss

आता ती अडचण, जी मांडवात वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वायर लावली की स्पीकरमधून "घुंss".

कॉइल तारेची हालचाल पकडते तशीच ती आजूबाजूच्या विजेची हालचालही पकडते. तिला फरक कळत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून घुमणं ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येतं. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर असतो साधारण ९८ हर्ट्झ. म्हणजे मांडवातली वीज तुमच्याबरोबर जवळजवळ तोच सूर कायम धरून बसते, आणि तोही जरासा बेसूर. शेजारी जनरेटर, डिमरवर चाललेल्या लाइटच्या माळा, एखादी मोटर असेल तर विचारूच नका.

गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचे इंजिनियर होते. ॲम्पच्या वीजपुरवठ्यातलं घुमणं मारायला दोन उलट्या कॉइल वापरतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तीच युक्ती पिकअपमध्ये आणली. शेजारीशेजारी दोन कॉइल, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाची बाजूही उलटी. बाहेरून आलेलं घुमणं एका कॉइलमध्ये सुलटं, दुसरीत उलटं, बेरीज शून्य. तारेचा सूर मात्र दोनदा उलटा होतो, म्हणजे परत सुलटाच, म्हणून त्याची बेरीज होते. १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज, १९५७ पासून गिटारवर, १९५९ मध्ये पेटंट मंजूर. घुमण्याला मारणारा म्हणून नाव 'हमबकर'.

मग सगळे हमबकरच का वापरत नाहीत? कारण त्यासाठी काहीतरी द्यावं लागतं. दोन कॉइल तारेची जास्त लांबी 'ऐकतात', त्यामुळे अगदी बारीक, चमचमणारे वरचे सूर एकमेकांत मिटतात. वेढे वाढले की आवाज वाढतो, पण वरची धार उतरते. माझ्या त्या पॉवरवाल्या पिकअपमध्ये हेच टोकाला नेलं होतं. वेढे भरपूर, आवाज दणकट, धार गेलेली. डिस्टॉर्शनवर एकदोन तारांचे जाड कॉर्ड वाजवायला उत्तम. भावगीतातल्या सहा तारांच्या कॉर्डला वाईट. शिवाय एवढा सिग्नल मिक्सरच्या तोंडाशीच फाटत होता.

दुसऱ्या बाजूला लिओ फेंडर. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यांनी १९५०-५१ मध्ये जी गिटार आणली ती पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तिच्यात एकेक कॉइलचे तीन पिकअप. घुमायचे, पण बोल असा स्वच्छ की कंट्री संगीतातली प्रत्येक टिचकी वेगळी ऐकू यावी.

म्हणजे १९५७ पर्यंत दोन घराणी तयार झाली होती. एकाकडे शांतता आणि जाडी. दुसऱ्याकडे स्वच्छ बोल आणि घुंs. आज तुम्ही ऑनलाइन जे शेकडो पिकअप बघता ते बहुतेक या दोन घराण्यांची मुलंबाळं आणि सोयरीक आहे. गिब्सनचाच १९४६ चा पी-९० या दोघांच्या मधे बसतो: एकच कॉइल, पण रुंद; जाडी बरी, बोल बरा, घुमणं आहेच.

नागोयाहून निघालेली पेटी

आता गाडी परत मामांकडे. त्यांचा बेंजो स्वच्छ का वाजत होता?

हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली, म्हणजे तायशो राजवटीच्या पहिल्या वर्षी, नागोयामध्ये मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून एक वाद्य काढलं. राजवटीवरून नाव पडलं तायशोगोतो. बटण दाबलं की तार ठरलेल्या जागी दाबली जाते, त्यामुळे शिकायला सोपं. तिथून ते आशियाभर पसरलं. भारतात ते झालं बुलबुलतरंग, बलुचिस्तानात बेंजू, आणि आपल्याकडे तारांखाली पिकअप बसवून, भोंगा जोडून झाला मिरवणुकीतला बेंजो. मुंबईच्या गिरणगावात आणि कोळीवाड्यांत त्याच्या पार्ट्या उभ्या राहिल्या, आणि मग गावोगाव. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी त्याच्यावर 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाच केला, रितेश देशमुख यांना घेऊन.

आता बघा, बेंजोवाल्याला एका मिरवणुकीत काय काय वाजवावं लागतं? सुरुवातीला आरती. मग कोळीगीत. चौकात कुणीतरी लावणीची फर्माईश करतो. पोरं नवीन हिंदी गाणं मागतात. विसर्जनाच्या घाटावर परत आरती. वाद्य एक, पिकअप एक. आपल्या श्रोत्याने विचारलेला प्रश्न बेंजोवाल्यांनी कधीच सोडवलाय.

कसा, ते मला उशिरा कळलं. बेंजोवर मुख्य तारा एकाच सुरात लावलेल्या असतात. एका वेळी एकच सूर. एक सूर फाटला तरी सूरच राहतो, उलट त्याला धार येते. पण कॉर्ड फाटला की त्यातले सूर एकमेकांशी भांडून नवेच भलते सूर तयार करतात, आणि त्यालाच मी मघाशी गाळ म्हणालो. दुसरं, भोंगा हा मधल्या पट्टीचा आवाज फेकतो, खालचं आणि अगदी वरचं सोडून देतो. माणसाचा कान शब्द ओळखतो तो याच मधल्या पट्टीत. त्यामुळे सूर बोलल्यासारखा लांबवर पोचतो. आणि तिसरं, मामांचा पिकअप काही फार ताकदवान नव्हताच. ताकद ते ॲम्पमधून घेत होते. पिकअपकडून त्यांना फक्त बोल हवा होता.

दुकानदाराने मला बरोबर उलटं सांगितलं होतं.

हवाइयन गिटारही आपल्याकडे याच वाटेने रुजली, हे जाता जाता सांगतो. व्हॅन शिप्ले यांनी हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या सुरावटी इलेक्ट्रिक हवाइयन गिटारवर वाजवलेल्या रेकॉर्ड्स घराघरांत होत्या. तिथंही एकच सुरावट, गाणाऱ्याच्या गळ्याच्या जागी. भारतीय कानाला इलेक्ट्रिक तारेकडून आधी हवा होता तो गळा. कॉर्डचा प्रश्न नंतर आला, सिनेमाच्या आणि ऑर्केस्ट्रांच्या काळात. भूपिंदर सिंग यांनी १९७१ च्या 'दम मारो दम'मध्ये गिटार वाजवली तेव्हा इलेक्ट्रिक गिटारचा तो आवाज देशभर पोचला, आणि मग प्रत्येक ऑर्केस्ट्रातल्या गिटारिस्टकडून लोक तोच आवाज मागायला लागले. शिवाय त्याच रात्री भावगीत, नाट्यगीत, कव्वाली. आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. तमाशात गण, गवळण, मग रंगबाजीत सिनेमाची गाणी, मग वग. एका रात्रीत इतके पोत. 'व्हर्सटाइल' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला असेल, पण ते काम इथल्या वादकांना जुनंच आहे.

मधला रस्ता

कॉर्डही हवा आणि सुरावटही हवी, त्याला उत्तर कसं मिळालं? वादकांनी स्वतःच शोधलं.

स्ट्रॅटोकास्टरला सुरुवातीला तीनच जागांचा स्विच होता. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की स्विच दोन जागांच्या मधे अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र लागतात आणि एक वेगळाच पोकळ, काचेसारखा आवाज येतो. कंपनीने पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ उजाडलं. म्हणजे वीसेक वर्षं लोक काडी घातल्यासारखा स्विच मधे अडकवून वाजवत होते!

दरम्यान १९७२ च्या सुमारास लॅरी डिमार्झिओ यांनी 'सुपर डिस्टॉर्शन' नावाचा पिकअप काढला, आणि गिटार तीच ठेवून पिकअप बदलायचा बाजार सुरू झाला. माझ्या चुकीचं मूळ तिथंच म्हणा. मग एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटसारख्या अंगात ब्रिजपाशी गिब्सनचा हमबकर ठोकला, आणि १९७८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये तो आवाज जगाने ऐकला. त्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात स्टुडिओत रोज वेगळं गाणं वाजवणाऱ्यांनी दोन्ही घराण्यांचं लग्नच लावून दिलं: ब्रिजपाशी हमबकर, मधे आणि मानेपाशी सिंगल कॉइल. त्याला आज एचएसएस म्हणतात. आपल्याकडे असली विदेशी गिटार १९९१ आधी फार थोड्या लोकांच्या हातात होती. आज मात्र भारतात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त गिटारी याच रचनेच्या आहेत. कदाचित तुमची पण असेल. आधी बघा!

तर मग कुठला घेऊ?

मित्रा, आता तुझ्या प्रश्नाकडे. तुझ्या यादीतलं सगळ्यात मोठं गाणं धरून पिकअप निवडू नकोस. सगळ्यात नाजूक गाणं धरून निवड. आवाज पुढे पेडलने, ॲम्पने, मिक्सरने वाढवता येतो. पिकअपने एकदा गिळलेला बोल पुढचं कुठलंच यंत्र परत आणू शकत नाही. तुझ्या यादीत ते नाजूक गाणं म्हणजे गुरुवारचं भजन.

म्हणून एचएसएस असेल तर तीच रचना ठेव. ब्रिजचा हमबकर मध्यम ताकदीचा घे. कॅटलॉगमध्ये 'व्हिंटेज' किंवा 'मीडियम आउटपुट' लिहिलेलं असतं. रेझिस्टन्स साधारण आठ-नऊ किलोओहमच्या आसपास असेल तर तो त्या जुन्या १९५७ च्या घराण्याजवळचा. चौदा-पंधरा किलोओहम दिसला की समज, वेढे जास्त आहेत. नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस, तारेची जाडी आणि चुंबकही बघावं लागतं, पण अंदाज येतो. हमबकरला चार वायरी बाहेर काढलेल्या असतील असाच घे. मग एक स्विच लावून दोन कॉइल एकामागे एक ऐवजी समांतर जोडता येतात. आवाज उजळतो आणि घुमणं मरतंच. नुसता एक कॉइल बंद केलास, ज्याला कॉइल स्प्लिट म्हणतात, तर बोल येतो पण घुंs पण परत येतो. मांडवात हा फरक मोठा आहे.

मधला सिंगल कॉइल उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा घे. मग चार नंबरच्या जागेवर दोन कॉइल मिळून हमबकरसारखं काम करतात. भजनाला चार नंबर, म्हणजे मधला आणि मानेपाशीचा एकत्र. लावणीच्या तुकड्याला दोन नंबर. रॉकला ब्रिज. एवढ्यात तुझी यादी संपली.

आणि पैसे खर्च करायच्या आधी फुकटातली कामं कर. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तारेत दोन-अडीच मिलिमीटर अंतर आहे का बघ. पिकअप फार वर असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. थोडा खाली घेतलास तर तोच पिकअप बोलायला लागतो. व्हॉल्यूमचा पॉट हमबकरला ५०० किलोओहमचा लागतो. तिथं कुणी २५० चा लावला असेल तर वरची धार तिथंच मेली. आणि मांडवात अर्थिंग आहे का हे विचारल्याशिवाय वायर लावू नकोस. पिकअप कुठलाही असो, ओल्या मांडवात अर्थिंग नसलेल्या लाइनवर तारेला हात आणि ओठ माइकला, याने जीव जाऊ शकतो. हे गमतीत घेऊ नका कुणीच.

मामांची कॉइल

शेवटी एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मामांच्या बेंजोचा पिकअप मेला. कॉइलची तार आत कुठेतरी तुटली होती. नवीन घेऊ म्हटलं तर ते ऐकेनात, "ह्योच बोलतो" म्हणाले. मग आम्ही रस्त्यावरच्या एका मोटर वायंडिंगच्या दुकानात गेलो. तो माणूस दिवसभर पाण्याच्या मोटरी भरतो. पिकअप हातात घेऊन हसायला लागला. गिटारच्या पिकअपला अमेरिकन गेजची ४२ नंबरची तार लागते, आपल्याकडच्या एसडब्ल्यूजीत साधारण ४६. सहा शतांश मिलिमीटर! त्याच्याकडची सगळ्यात बारीक तारही याच्यापुढे दोरखंड. तार पुण्याहून आणली. पहिल्या वेळी हजारभर वेढ्यांवर तुटली. दुसऱ्या वेळी त्याने पंखा बंद केला, मशीनचा वेग कमी केला, आणि दोन बोटांत तार धरून सात हजारांपर्यंत नेली. काउंटरकडे आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो.

जोडून बघितलं. मामांनी डोळे मिटून एक आरती वाजवली आणि म्हणाले, "थोडा उजळलाय. चालंल." पैसे विचारले तर दुकानदार म्हणाला, "मिरवणूक माझ्या दारावरनं न्या, झालं."

त्या वर्षी मामांच्या पार्टीला गणपतीत दोनच दिवसांचं काम होतं. आधी दहाही दिवस असायचं. बाकीची मंडळं डीजेकडे गेली. मी माझे पॉवरवाले पिकअप विकून मध्यम ताकदीचे बसवले होते आणि त्या दोन्ही दिवशी मामांच्या बाजूला उभा होतो. दुकानाच्या दारावरून मिरवणूक गेली तेव्हा त्या वायंडिंगवाल्याने काम सोडून बाहेर येऊन ऐकलं. मामा सुरावट वाजवत होते, मी मागून कॉर्ड देत होतो. मधेच मामा वळून म्हणाले, "आता कळतंय बरं का."

बाकी कुठल्या कौतुकाची मला गरज वाटली नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात कुणी बेंजो वाजवत असेल तर त्याच्या वाद्याच्या पोटात कुठला पिकअप आहे, कुणी भरलाय, हे विचारा आणि मला व्हॉइस मेसेज करा. यातल्या बऱ्याच गोष्टी कुठेच लिहून ठेवलेल्या नाहीत, आणि वाजवणारे हात आता म्हातारे होतायत. भेटू पुढच्या भागात. तोवर वाजवत राहा, आणि बोल कळू द्या!